पत्राची पोच

नेसरीच्या माणसाला पत्राचे सामर्थ्य समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावाजवळ सरनोबत प्रतापराव गुजरांचे स्मारक उभे आहे. उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिले, हे महाराजांना रुचले नाही. खानाचा पुरता मोड केल्याखेरीज तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा खलिता त्यांनी धाडला. आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले, अशी हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शाळेत गुरुजी ती सांगू लागले की वर्गाचे डोळे तलवारीवर खिळत. माझे मन मात्र त्या पत्रापाशीच घुटमळे. एक कागद महाराजांकडून निघतो, कुणीतरी तो आणून हाती देतो, वाचणारा तो वाचतो, आणि सात माणसे घोड्यावर मांड टाकतात! पत्र पोचले नसते तर?

पुढे माझे पोट पत्रांवरच भरले. १९८३ साली मी मुंबईतील एका मोठ्या इस्पितळात लघुलेखक म्हणून लागलो आणि २०१९ साली तिथूनच निवृत्त होऊन गावी परतलो. त्या इस्पितळाचे नाव सांगण्याचे कारण नाही; जी गोष्ट सांगणार आहे, ती कुठल्याही इस्पितळात घडू शकते. माझी बहुतेक सारी नोकरी हृदयरोग विभागात झाली. डॉक्टर सांगत, मी ते लघुलिपीत उतरवून घेई आणि गोदरेजच्या यंत्रावर तीन प्रतींत टंकलिखित करी. पत्राचा मायना ठरलेला – आपण पाठविलेला रोगी तपासला, अमुक आढळले, तमुक औषध सुरू केले, पुढील तपासणी इतक्या आठवड्यांनी. वरची प्रत रोग्याच्या हाती, दुसरी केसपेपरात, तिसरी विभागाच्या फायलीत. आणि कार्बनचा निळा रंग माझ्या बोटांना!

रोगीच टपालवाला

विलायतेत म्हणे इस्पितळाचे पत्र परस्पर गावच्या डॉक्टराकडे जाते. आपल्याकडे पूर्वीपासून रोगीच स्वतःचा टपालवाला. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूंची कितीतरी माणसे गिरणगावात गावकीच्या खोल्यांतून राहत. घरचे कुणी आजारी पडले की गावाहून खोलीवर आणीत आणि तिथून आमच्या ओ.पी.डी.त. प्रत्येकाच्या काखेत एक पिशवी असे. कापड-दुकानाची नाही तर खताची, पण तिच्यात जन्माचे सगळे कागद. पहिली चिठ्ठी गावच्या डॉक्टरची, दुसरी गडहिंग्लजची, मग कोल्हापूरची किंवा बेळगावची, हृदयाचे आलेख, रक्ताचे अहवाल, आणि तळाशी एखाद्या देवाचा अंगारा. डॉक्टरांनी "कागद दाखवा" म्हटले की साऱ्या पिशवीचा टेबलावर ढीग होई.

या पिशवीला मी पुष्कळ वर्षे हसलो. नंतर माझ्या ध्यानात आले की रोग्याजवळ पैसा नसतो, ओळख नसते, इंग्रजी तर नसतेच. पण पिशवी असते. ती घेऊन तो कुठल्याही डॉक्टरच्या दारात उभा राहू शकतो. एका म्हाताऱ्या बाईने मला एकदा विचारले होते, "बाळा, ह्यात काय लिवलंय ते म्हाईत न्हाई, पर ह्ये नसलं तर मला कोन हात लावंल?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

कायद्यानेही ही गोष्ट हळूहळू मान्य केली. रोग्याने मागितल्यास त्याला केसपेपरांच्या नकला दिल्याच पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत, मागणी आल्यावर बहात्तर तासांत द्यावेत आणि ते संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असे सांगितले आहे. २०१६ साली त्यांत भर पडली, ती औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याची. ज्यांनी डॉक्टरांचे हस्ताक्षर लावण्यात उमेद घालविली, अशा आम्हा कारकुनांना हा नियम फारच गोड वाटला.

कागद हटला

कागद म्हणजे काही अमृत नव्हे. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत गठ्ठे होते. एक जुना केसपेपर शोधायचा तर वॉर्डबॉय शिडी घेऊन जाई आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येत नसे. वाळवी होती, उंदीर होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी आमच्या तळघरातही पाणी शिरले; पुढे महिनाभर आम्ही केसपेपर दोरीवर वाळत घालीत होतो. शाई पसरली होती. कुणाचे हृदय कुणाच्या नावावर गेले असेल, ते देवच जाणे.

म्हणून २०१४ साली आमचा विभाग बिनकागदी होणार असे जाहीर झाले, तेव्हा मला आनंदच झाला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी संगणक शिकलो. व्यवस्था अशी होती: डॉक्टरांनी सांगितलेले पत्र मी पडद्यावर उतरवायचे आणि पुढे ढकलायचे, ते डॉक्टरांच्या यादीत जाऊन पडे, त्यांनी ते वाचून संगणकीय सही केली, की क्षणार्धात गावच्या डॉक्टरच्या ई-मेलवर. रोग्याच्या हाती कागद द्यायचा नाही. खर्च वाचतो, गर्दी टळते. पहिल्या महिन्यात जुने पत्र शोधायला पाऊण मिनिट लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी पेढे वाटले.

आता माझ्या थोरल्या भावाविषयी सांगितले पाहिजे. आम्ही त्याला दादा म्हणतो. लहानपणी त्याला सांधेतापाचा आजार झाला होता. त्याने हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे आमच्याच विभागाच्या सल्ल्याने त्याला धातूची कृत्रिम झडप बसविली. अशी झडप बसविलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. त्यासाठी आय.एन.आर. नावाची तपासणी वरचेवर करतात. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. दादाच्या जातीच्या झडपेला तो साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. सुरीच्या धारेवरून चालण्याचाच हा प्रकार!

२०१५ च्या पावसाळ्यात दादा तपासणीला आला. सकाळी रक्त दिले, डॉक्टरांना भेटला आणि संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला निघून गेला. त्याचा रक्ताचा अहवाल तो गेल्यावर हाती आला. आकडा पाचाच्या वर. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पत्र सांगितले – दोन दिवस गोळी बंद, मग मात्रा निम्मी, आठवड्याने पुन्हा रक्त तपासणे. ते पत्र मीच टंकलिखित केले. नाव माझ्या सख्ख्या भावाचे होते. मी कळ दाबली, पत्र पडद्यावरून नाहीसे झाले, आणि पोचले म्हणून मी निर्धास्त झालो.

मी फोन केला नाही. पुतण्याजवळ मोबाइल होता. एक रुपयाचे काम होते. परंतु पूर्वी चिठ्ठी यष्टीतून जाई म्हणून मागून फोन करावा लागे. आता ती विजेच्या वेगाने जाते, मग फोन कशाला, असा माझा हिशेब. डॉक्टरांचाही हिशेब तोच असावा.

एकोणिसाव्या दिवशी रात्री वहिनींचा फोन आला. "भावोजी, ह्यांच्या नाकातनं रक्त थांबत न्हाई. हिरड्यांतनं बी याय लागलंय. डॉक्टर म्हंत्यात, मुंबईचं पत्र कुठं हाय?" मी म्हणालो, "पत्र तर केव्हाच गेले!" पलीकडून गावच्या डॉक्टरांनी फोन घेतला आणि शांतपणे विचारले, "कधी? माझ्याकडे आलेले नाही."

त्याच रात्री पावसात जीप करून दादाला बेळगावला नेले. कोल्हापूरपेक्षा आम्हांला तेच जवळ. दादा वाचला. चार दिवसांनी बोलू लागला. मी सकाळी सातला विभागात जाऊन संगणक उघडला. पत्र तिथेच होते, 'सहीसाठी प्रलंबित' अशा यादीत. ज्या तरुण डॉक्टरांच्या नावावर ते गेले होते, त्यांची पहिल्या तारखेला दुसऱ्या विभागात बदली झाली होती. त्यांची यादी कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नव्हती. दादाच्या पत्राच्या मागेपुढे आणखी चाळीस-एक पत्रे होती. चाळीस घरांतली माणसे वाट पाहत असतील किंवा पाहतही नसतील. कारण आपल्याला पत्र यायचे आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

कागद असता तर काय झाले असते? ट्रेमध्ये ढीग साचला असता. त्याची उंची दिसली असती, आणि झाडणाऱ्या मावशींनीसुद्धा विचारले असते, "साहेब, ह्ये कागद कवापासनं हितंच पडल्यात?" संगणकातल्या ढिगाला उंची नसते.

सात समुद्रांपलीकडेही तेच

ही आमच्याच गबाळेपणाची कथा, असे मी पुष्कळ दिवस मानीत होतो. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले की आपल्यापेक्षा कितीतरी व्यवस्थित लोकांनाही हाच काटा टोचला आहे. इंग्लंडचे आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केले, की तेथील सरकारी आरोग्यसेवा २०१८ पर्यंत बिनकागदी करावयाची. २०१८ उजाडले, इस्पितळांत फॅक्सची यंत्रे खडखडत होतीच. अखेर नवी फॅक्स-यंत्रे विकत घेण्यावर जानेवारी २०१९ पासून बंदी घालावी लागली.

त्याच देशात कागदाने दगा दिला आणि संगणकानेही. २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने उघड केले, की २०११ ते २०१६ या काळात वैद्यकीय टपालाचे सुमारे सात लाख नऊ हजार कागद योग्य डॉक्टरांकडे न पोचता पडून राहिले होते. हा कागदाचा पराक्रम. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलच्या इस्पितळांतून बातमी आली: संगणकात चोवीस हजार पत्रे न पाठविता राहिलेली सापडली. ज्या पत्रांवर एकाहून अधिक सह्या लागत, ती एका अशा कप्प्यात जाऊन बसत, की तो कप्पा आहे हेच बहुतेकांना माहीत नव्हते. ती बातमी वाचताना माझ्या हाताला घाम फुटला. तो कप्पा मी पाहिला होता!

आपल्या देशातही धडे मिळाले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर दूरच्या चोरांनी हल्ला केला. सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून अहवालापर्यंतचा कारभार हाताने, कागदावर चालवावा लागला. ज्यांनी कोरे फॉर्म फेकून दिले नव्हते, त्यांचे त्या दिवसांत किती कौतुक झाले असेल!

आणि कागदाचा कैवार घेणाऱ्यांसाठी मुंबईची गोष्ट. जुलै २०२४ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाच्या कागदांच्या पत्रावळी झाल्याची चित्रफीत गाजली. खाण्याच्या ताटल्यांवर रुग्णालयाचे नाव आणि रोग्यांची नावे! ते अहवाल नव्हेत, रद्दीत दिलेली सी.टी. स्कॅनची जुनी पाकिटे आहेत, असा खुलासा रुग्णालयाने केला आणि संबंधित कर्मचाऱ्यांना नोटिसाही दिल्या. पाकिटे तर पाकिटे. पण आपल्या दुखण्याचे नाव भेळेखाली यावे, हे कुणाला रुचेल? तात्पर्य, कागद काय नि संगणक काय, दोघांनाही स्वतःची अक्कल नाही. ती माणसानेच पुरवायची.

एक वही

दादाच्या प्रकरणानंतर मी विभागप्रमुखांसमोर जाऊन चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आपण पत्र पाठवतो, पोच कोण घेतो?"

पोच! जुन्या माणसांच्या प्रत्येक पत्रात शेवटी हमखास असे: पत्राची पोच द्यावी. हा शब्द आम्ही संगणकात आणायला विसरलो होतो. आम्ही पाठविण्याचा वेग वाढविला, पण वाट पाहण्याचे काम कुणाकडेच दिले नाही.

मग विभागात तीन गोष्टी ठरल्या. पहिली, रोज सकाळी नऊ वाजता सर्व डॉक्टरांच्या नावावरील न सुटलेली पत्रे एका माणसाने मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा. बदली होणाऱ्या डॉक्टराने आपली यादी रिकामी केल्याशिवाय निघायचे नाही. दुसरी, औषधाची मात्रा बदलणारे पत्र असेल तर फोन करायचाच, आणि पलीकडच्या डॉक्टरची पोच आल्याखेरीज ते 'गेले' असे धरायचे नाही. तिसरी, पत्र संगणकातून जावो की विमानातून, रोग्याच्या हातात मराठीत चार ओळी द्यायच्या – काय झाले आहे, कोणती गोळी किती, पुन्हा कधी यायचे, काय दिसले तर धावत यायचे.

आकडा लिहिण्यासाठी मी बाजारातून दोनशे पानी वही आणली. बिनकागदी विभागात ती एकच वही टेबलावर दिसे, आणि नवे डॉक्टर तिला हसत. मी हसू देई. निवृत्तीच्या दिवशी ती वही पुढच्या कारकुनाच्या हाती दिली, तेव्हा त्या सकाळचा आकडा होता तीन.

मराठी चार ओळींची कल्पना फार मोठी वाटत नाही ना? पण २०१८ साली इंग्लंडातल्या वैद्यक महाविद्यालयांच्या संघाने आपल्या डॉक्टरांना हेच सांगितले, की तपासणीनंतरचे पत्र दुसऱ्या डॉक्टरला नव्हे, रोग्यालाच उद्देशून लिहा. त्याला समजेल अशा भाषेत लिहा, आणि त्याची नक्कल डॉक्टरला पाठवा. रोग्याची भाषा इंग्रजी असूनही तिथे हे सांगावे लागले. आपल्याकडे तर पत्र इंग्रजीत आणि रोगी मराठीत!

ओट्यावरचा दवाखाना

आता मी गावात असतो. मी डॉक्टर नव्हे, पण इस्पितळाचे इंग्रजी वाचता येते म्हणून लोक ओट्यावर येतात. पूर्वी पिशवी आणीत, आता पुष्कळजण मोबाइल पुढे करतात. सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. २०२५ च्या आरंभीच असे त्र्याहत्तर कोटींच्या वर क्रमांक निघाले होते. त्या क्रमांकाला निरनिराळ्या इस्पितळांतील आपले कागद जोडता येतात, आणि आपण संमती दिली तरच दुसरा डॉक्टर ते पाहू शकतो. कल्पना मला मनापासून आवडते. ही त्या जुन्या पिशवीचीच नवी आवृत्ती आहे, न भिजणारी, न फाटणारी. आणि नाडी पुन्हा रोग्याच्याच हातात. कोल्हापूरचा कागद, बेळगावचा कागद, मुंबईचा कागद एका ठिकाणी आला, तर आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाची केवढी पायपीट वाचेल!

मात्र क्रमांक निघणे निराळे आणि त्यात कागद असणे निराळे. परवा एक आजीबाई आल्या. क्रमांक होता, पण मोबाइल मुलाजवळ, मुलगा पुण्यात. "सगळं त्येच्या फोनात हाय म्हनं," त्या म्हणाल्या, "पर दुकतंय तर मला!" मी त्यांच्या मुलाला फोन लावला, अहवाल मागविला, चार ओळी मराठीत कागदावर उतरविल्या आणि त्यांच्या पदराच्या गाठीला बांधून दिल्या.

दादा आता पंचाहत्तरीला टेकला आहे. दर महिन्याला रक्त तपासून घेतो. अहवाल पुतण्याच्या मोबाइलवर येतो, गावच्या डॉक्टरकडेही जातो. ते मात्रा सांगतात, आणि दादा ती भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात स्वतःच्या अक्षराने लिहितो. त्या रात्रीबद्दल त्याने मला आजवर एका शब्दानेही बोल लावलेला नाही. मात्र मी काही निरोप धाडला, अगदी 'संध्याकाळी दूध घेऊन ये' एवढा जरी, तरी तो पाच मिनिटांत फोन करतो आणि म्हणतो, "पोचलं रं बाळ, तुझं पत्र."

मी "बरं" म्हणतो. दोघेही हसतो. पण फोन ठेवल्यावर दरवेळी त्या चाळीस पत्रांची यादी माझ्या डोळ्यांपुढे येते.